मण्याला चिकटलेली गाठ

गाठआत्याने सेहेचाळीस वर्षांत एकही रात्र घराबाहेर काढली नव्हती. नव्या माणसाला वाटायचं, बाई घरकोंबडी असणार. कसली घरकोंबडी! तिचा सगळा जीव पायात. गल्लीच्या टोकाला बस थांबली की हातातलं काम टाकून ती दारात येणार, कोण उतरलं, कुठून आलं, तिकडे हवा कशी आहे, वाटेत नदी लागते का, सगळं विचारून घेणार. पण रोज सूर्य उगवायच्या आत तिला घराच्या मधल्या खोलीत खुंटीपाशी उभं राहून एक गाठ मारावी लागे, आणि ती दुसऱ्या कोणी मारलेली चालत नसे. सकाळच्या बसने जायचं आणि संध्याकाळच्या बसने परत यायचं, एवढीच तिची धाव. कुंपणही जवळच होतं बिचारीचं.

गाठ कसली, ते आधी सांगायला हवं. नाहीतर पुढचं सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

या लोकांची दिवसांची मोजणी जुनी आहे आणि जगावेगळी आहे. साऱ्या जगाचे वार सात, यांचे नऊ. माती, बी, पाणी, कोंब, पान, फूल, फळ, पाखरू आणि शेवटचा रिकामा. म्हणजे मातीत बी पडलं, पाणी मिळालं, कोंब आला, पान-फूल-फळ झालं, फळ पाखराने नेलं, आणि मग एक दिवस काहीच नाही. असे चाळीस फेरे झाले की यांचं साल पुरं. चंद्र कुठे आहे, सूर्य कुठे वळला, याच्याशी या मोजणीला देणंघेणं नाही. ती नुसती मोजणी. तिची मोठी अडचण अशी, की एक दिवस जरी निसटला तरी आभाळाकडे बघून तो सापडत नाही. म्हणून दोरी. एका दिवसाची एक गाठ, दोन गाठींत अंगठ्याएवढं अंतर, आणि रिकाम्या दिवशी गाठीऐवजी लाकडाचा मणी. एका सालाची एक दोरी. भरली की गुंडाळून पत्र्याच्या पेटीत.

आणि माणूस ज्या दिवशी जन्मला, त्या दिवसाचा तो जन्मभर. मातीची माणसं पुढची. पाया घालायचा, दुकान उघडायचं, तर पहिला हात त्यांचा. पाण्याच्या माणसाने भांडणं मिटवायची. पाखराचं माणूस एका जागी टिकायचं नाही, त्याचं दार अडवू नये, असं म्हणतात. आणि रिकाम्या दिवसाचं माणूस? त्याच्या हातून कशाची सुरुवात करायची नाही. त्याने लग्नघरात मागच्या रांगेत बसायचं. मात्र दोरीची गाठ त्यानेच मारायची. का, तर ज्याला स्वतःचा दिवस नाही तोच दुसऱ्यांचे दिवस नीट मोजेल, असं जुनी माणसं सांगून गेली. जुन्यांना सांगायला काय जातंय! दोरी या घरातली, तेव्हा या घरात जो रिकाम्या दिवशी जन्मेल, तो बारा वर्षांचा झाला की अडकला; रिकाम्याची सून आली तर तीही. घरात असं कोणी उरलंच नाही, तर दोरी दुसऱ्या घरी जाणार, आणि घराचा मान गेला.

तुम्ही म्हणाल, आता कोण विचारतंय या दोरीला? विचारतात हो. समाजाच्या मंडळाचं छापील कॅलेंडर निघतं, त्यात तारखेखाली बारीक अक्षरात दिवसाचं नाव असतं. पोरंसोरं सकाळी फोनवर एकमेकांना ‘आज फूल’ म्हणून चित्रं पाठवतात. इंजिनियर झालेला मुलगासुद्धा नवी गाडी रिकाम्या दिवशी घरी आणत नाही. पण छापील चुकेल, दोरी चुकत नाही, अशी सगळ्यांची पक्की समजूत. स्वतः कोणी पहाटे उठणार नाही, ती गोष्ट वेगळी.

गाठआत्या रिकाम्या दिवसाची. तिच्याआधी दोरी तिच्या आत्याकडे होती, थोरल्या आत्याकडे. ही बारा वर्षांची झाली, नव्या सालाच्या पहिल्या दिवशी थोरलीने चारचौघांसमोर दोरी पुढे केली आणि रिवाजाप्रमाणे ‘घे’ म्हणाली. हिने घेतली. त्याच आठवड्यात थोरली एक बॅग घेऊन निघून गेली, ती परत आली नाही. कुठल्याशा बंदराच्या गावी राहिली, खाऊनपिऊन सुखी होती, म्हातारी होऊन गेली. जाताना तिने या पोरीला छातीशी इतकं घट्ट धरलं होतं की पोरीचा श्वास कोंडला. पोरीला वाटलं, केवढी माया!

मग आयुष्य गेलं. शिंप्याच्या दुकानात गाठआत्या काज-बटणं करायची. बोटं अशी की यंत्राने करावं तसं काज. स्थळं आली, पण नवऱ्याने इथे येऊन राहायचं म्हटल्यावर परत गेली. एक ड्रायव्हर होता. हिला तो आवडला होता, त्यालाही ही आवडली होती. तो म्हणाला, ‘माझ्या शेजारच्या सीटवर बस, सगळा मुलूख दाखवतो.’ ही म्हणाली, ‘आणि सकाळची गाठ?’ तो हसला. त्याला वाटलं, ही थट्टा करतेय. थट्टा नाही हे कळल्यावर तो महिनाभर येत राहिला आणि मग यायचा थांबला. ती त्याच्यावर कधी रागावली नाही. राग आला तो खुंटीचा, पण खुंटीवर रागावून करता काय?

आणि धाकटी. या दोघी बहिणी म्हणजे एका ताटात जेवणाऱ्या, एका पांघरुणात झोपणाऱ्या. धाकटी लग्न होऊन गेली ती चौदा तासांच्या रेल्वेवर. तिचं घर गाठआत्याने कधी पाहिलं नव्हतं, म्हणजे फोनच्या काचेत पाहिलं होतं तेवढंच. वर्षाआड धाकटी यायची, चार दिवस राहायची. आता तीन वर्षं झाली, धाकटीच्या गुडघ्यांनी दगा दिला. तिला जिना उतरणं होत नव्हतं. डॉक्टर हृदयाचंही काहीबाही सांगत होते. ‘ताई, आता तूच ये,’ ती म्हणायची. ‘येते गं,’ ही म्हणायची, आणि फोन ठेवून भांडी जोरजोरात घासायची.

मग दादाने, म्हणजे गाठआत्याच्या मोठ्या भावाने, आपल्या मुलासाठी मुलगी पाहायला घेतली. रिकाम्या दिवसाची मुलगी लोक सुनेला करत नाहीत, आणि दादाने तर अटच घातली, की मुलगी रिकाम्याचीच हवी. सुनेच्या आईबापांना आभाळ ठेंगणं झालं. अशी अट का, हे त्यांनी विचारलं नाही, आणि यांनी सांगितलं नाही. सगळे तोंडात मूग धरून बसले. सूनबाईला कळलं ते लग्नानंतर अकराव्या दिवशी, जेव्हा सासऱ्यांनी तिला मधल्या खोलीत नेऊन खुंटी दाखवली.

सूनबाई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. चोवीस वर्षांची, चटपटीत, बोलायला फटकळ. आल्या आल्या तिने गाठआत्याला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली आणि म्हणाली, ‘आत्या, तुम्ही चार वर्षं अंदाजाने काज करताय!’ दोघींचं जमलं. इतकं जमलं, की दूरच्या एका डोळ्यांच्या हॉस्पिटलातून सूनबाईला दोन वर्षांच्या शिक्षणासाठी बोलावणं आलं, तेव्हा ते पत्र तिने नवऱ्याआधी गाठआत्याला दाखवलं.

दादाने पत्र वाचलं, घडी केली आणि परत दिलं. ‘नव्या सालाला दोरी हिच्या हाती जायची आहे,’ तो म्हणाला. ‘दुकानातली नोकरी करू दे की. कोण नको म्हणतंय?’ नवरोबा खाली मान घालून फोन चाळत राहिले. तो मातीच्या दिवसाचा. पहिला हात त्याचा, पण बापापुढे तोंड उघडायची वेळ आली की कायम मागे.

आता गाठआत्याच्या मनातलं खरं सांगायचं तर तिला आनंद झाला होता. सुटका! तिने भाच्याकडून रेल्वेचं तिकीट काढून घेतलं होतं, नव्या सालाच्या पहिल्याच दिवशी संध्याकाळचं, खिडकीचं. ते ती उशीखाली ठेवायची. सूनबाईचा पडलेला चेहरा दिसला की तिला स्वतःची लाज वाटायची, आणि तरी आत कुठेतरी ती मोजतच होती, आता नऊ दिवस, आता आठ.

दोरी देण्याआधी एक रीत असते. घरात शेवटचं जे रिकाम्या दिवशी जन्मलं, त्याच्या जन्मसालाची दोरी पेटीतून काढायची, आणि घेणाऱ्याने डोळे मिटून ती पहिल्या गाठीपासून शेवटपर्यंत बोटांनी वाचायची, म्हणजे बोटांना अंतर कळतं. थोरलीने हिला ती वाचायला दिली होती तेव्हा स्वतः शेजारी बसून, हिच्या बोटावर बोट ठेवून, भराभरा पुढे सरकवली होती. गाठआत्या सूनबाईच्या बाबतीत तसं करणार नव्हती. तिने सावकाश वाचायला सांगितलं आणि समोर बसून ती पालक निवडू लागली.

एकविसाव्या फेऱ्याला सूनबाई थांबली. मागे गेली, परत पुढे आली.

‘आत्या, इथे अंतरच नाही.’

‘असेल आखडली दोरी.’

‘नाही हो. आठवी गाठ आणि मणी एकमेकांना चिकटलेत. आणि मण्याला काहीतरी गुंडाळलंय.’

गाठआत्याने पालक खाली ठेवला. घरात मूल जन्मलं की त्या दिवसाच्या गाठीला पांढरा दोरा गुंडाळतात. त्या दोरीवर पांढरा दोरा एकच असणार, तिचा. तिने बोट फिरवलं. पाखराची गाठ आणि रिकाम्याचा मणी यांच्यात नखसुद्धा शिरत नव्हतं. अख्ख्या दोरीत बाकी कुठेही असं नव्हतं. थोरलीचा हात म्हणजे फूटपट्टी.

‘दोन्ही एकाच दिवशी बांधल्यासारखं वाटतं,’ सूनबाई म्हणाली, आणि मग तिचं तिलाच आपण काय बोललो ते कळलं.

गाठआत्या तशीच उठून दादाकडे गेली. तो ओट्यावर पेपर वाचत होता. तिने दोरी त्याच्या पेपरावर ठेवली, बोट मण्यावर. म्हणाली, ‘तू सात वर्षांचा होतास. काय पाहिलंस?’

दादाने दोरीकडे पाहिलं नाही, यावरूनच तिला निम्मं कळलं.

‘साथीचे दिवस होते,’ तो शेवटी म्हणाला. ‘गल्लीतली सगळी दारं बंद. दहा-बारा दिवस कोण कोणाच्या दारी गेलं नाही. घरोघरी ताप. कोणाला दिवसाची शुद्ध नव्हती. आत्याने पहाटे पाखराची गाठ मारली, ते मी पाहिलं. दुपारी तू झालीस. तशी ती परत आत गेली आणि तिने मणी ओवला. मी म्हटलं, मणी उद्या ना? तर मला मांडीवर घेऊन म्हणाली, तू तापात होतास बाळा, मध्ये एक दिवस गेला.’

‘ताप होता तुला?’

‘नव्हता.’

‘साथ सरल्यावर सगळे तिलाच विचारायला आले असतील, आज कोणता म्हणून.’

‘मग? दुसऱ्या कोणाला विचारणार? तिने सांगितला तो दिवस.’

‘लहान होतास, गप्प बसलास. मोठा झाल्यावर?’

दादाने पेपरची घडी घातली. ‘घरात दुसरं कोणी रिकाम्याचं नव्हतं. दोरी गेली असती गं घरातून. आपल्या घराला विचारतं कोण, दोरी नसती तर?’

‘मला विचारायचं होतंस,’ ती म्हणाली. ‘मी पाखराची होते, दादा. पाखराची! माझं दार अडवायचं नव्हतं कोणी.’ तिचा आवाज चढला तशी वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि दोघांचे चेहरे बघून परत आत गेली.

त्या दिवशी ती शिंप्याकडे गेली नाही. मधल्या खोलीत बसून राहिली. थोरलीला शिव्या घातल्या, मनातल्या मनात नाही, चांगल्या मोठ्याने. एका बाईला सुटायचं होतं म्हणून तिने ताज्या जन्मलेल्या पोरीचा दिवस चोरला. मग बारा वर्षं त्या पोरीला जेवू घातलं, तिची वेणी घातली, आणि वाट पाहिली. पण शिव्या देतादेता तिच्या लक्षात आलं, की उशीखालचं तिकीट काही वेगळं नाही. तेव्हापासून सगळी मोजणी एका दिवसाने पुढे गेलीय. म्हणजे सूनबाईचा रिकामा दिवसही रिकामा नाही. तीही पाखराची. आणि तिला याच खुंटीला बांधून आपण खिडकीची सीट पकडणार. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ना, त्यातला प्रकार. आडात आपण, विहिरीत ती.

‘तुम्ही काही बोलू नका आत्या,’ सूनबाई दुसऱ्या दिवशी म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. ‘मी तरुण आहे. मी करेन काही वर्षं. तुम्ही जाऊन या धाकट्या आत्यांकडे. त्यांची तब्येत बरी नाही.’

‘काही वर्षं!’ गाठआत्या हसली. ‘मीही तेच म्हटलं होतं. बारा वर्षांची होते.’

तिने ठरवलं, सगळ्यांसमोर खरं सांगायचं. खरं सांगितलं की मोजणी दुरुस्त होईल, आणि दोघीही मोकळ्या. सूनबाई रिकाम्याची नाही आणि आपणही नाही. मग दोरी ज्याची असेल त्याची. इतकं सोपं.

नव्या सालाच्या पहिल्या पहाटे अंगणात पन्नासेक माणसं जमली. मंडळाचे सेक्रेटरी पुढच्या खुर्चीवर, मांडीवर नवीकोरी कॅलेंडरं. शिंपी नेहमीप्रमाणे मागे भिंतीशी. तो रिकाम्या दिवसाचा, त्याने शिवलेल्या लग्नाच्या कपड्यांनासुद्धा पहिली कात्री दुसऱ्याकडून लावून घ्यायची त्याला सवय झालेली. दोरी खुंटीवरून त्या एका दिवसापुरती दारापर्यंत येते. गाठआत्या ती घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. तिने दिवस सांगायचा, ‘माती’ म्हणायचं, पहिली गाठ नव्या हाताने मारायची.

‘आज माती नाही,’ ती म्हणाली. ‘आज रिकामा. काल पाखरू होतं.’

आणि तिने सगळं सांगितलं. साथ, बंद दारं, मणी. दादाकडे बोट दाखवून म्हणाली, ‘यांना विचारा.’ दादाने मान खाली घातली. जुनी दोरी हातोहात फिरली, ज्याने त्याने त्या जागेवर नख लावून पाहिलं.

मग एक गंमत झाली. अंगणातली पन्नास माणसं बोटांवर मोजायला लागली. साथीनंतर जन्मलेला जो तो एक दिवस मागे सरकत होता. फुलाचा माणूस पानाचा होत होता, पाण्याचा बीचा. मागून शिंपी ओरडला, ‘अहो, म्हणजे मी पाखराचा? मी पाखराचा?’ पन्नाशीचा माणूस, डोळ्यांतून पाणी यायला लागलं त्याच्या. आणि पुढच्या रांगेतल्या मातीच्या माणसांच्या तोंडचं पाणी पळालं. सेक्रेटरीसाहेबांचं बोट करंगळीवर येऊन थांबलं ते थांबलंच. भाचा बापाकडे पाहायला लागला. तोही मातीचा, म्हणजे आता रिकामा. खुंटी सरळ त्याच्याकडे बघत होती.

सेक्रेटरी उठले. माणूस हुशार, आवाज कमावलेला. ‘आत्याबाईंबद्दल आम्हाला आदर आहे,’ ते म्हणाले. ‘पण अठ्ठावन्न वर्षं आपण जे दिवस जगलो, ते काय खोटे? लग्नं लागली, घरांचे पाये घातले, माणसं गेली, त्यांचे दिवस पाळले. ते सगळे पुसायचे? चूक एकाने केली तर ती चूक. सगळ्यांनी मिळून इतकी वर्षं चालवली, की तीच मोजणी.’

‘सोयीची मोजणी,’ शिंपी मागून म्हणाला. कोणी त्याच्याकडे वळून पाहिलं नाही.

एक म्हातारी उठली. तिचा दिवस काही बदलत नव्हता, ती साथीच्या आधीची. तिला वाटलं असतं तर ती खरं बोलू शकली असती. पण ती म्हणाली, ‘माझा मुलगा फळाच्या दिवशी गेला. मी दर फेऱ्याला त्या दिवशी चूल उशिरा पेटवते. आता तुम्ही म्हणता, तो फुलाच्या दिवशी गेला? नको गं बाई. मला नाही जमायचं.’

गाठआत्याकडे सेक्रेटरींना द्यायला दहा उत्तरं होती. म्हातारीला द्यायला एकही नव्हतं.

हात वर झाले. शिंपी आणि सूनबाई सोडून सगळ्यांचे. आणि अशा रीतीने, हात वर करून, त्या दिवशी माती ठरली. कॅलेंडरं वाटली गेली.

‘चल, आता दोरी दे,’ दादा हळूच म्हणाला. ‘झालं गेलं विसरून जा. घे म्हण तिला. तुझी गाडी आहे ना संध्याकाळी?’

सूनबाई पुढे आली. तिने हात पसरले. ‘द्या आत्या,’ ती अगदी हळू म्हणाली. ‘खरंच द्या. जा तुम्ही.’

गाठआत्याला धाकटीचा चेहरा दिसला. द्यावी, असं तिला वाटलं; खोटं कशाला सांगा, फार वाटलं. एक शब्द तर म्हणायचा होता. थोरलीने जे केलं ते निदान लपून केलं होतं, बंद दाराआड, घाबरून. आपण सगळ्यांच्या देखत, सगळं माहीत असताना, या पोरीला ‘घे’ म्हणायचं?

तिने दोरी स्वतःकडे ओढली, अंगठा ठेवून अंतर मोजलं आणि सालाची पहिली गाठ स्वतःच मारली.

अंगणात कुजबुज झाली. जुनी ‘घे’ म्हणत नाही तोवर नवीच्या हाती दोरी जात नाही, आणि तिला म्हणायला लावायची रीत कोणी कधी काढली नव्हती. तशी वेळच आली नव्हती ना कधी!

‘हे काय?’ दादा म्हणाला.

‘माझी बोटं शाबूत आहेत अजून. मी आहे तोवर ही मीच बांधणार.’

‘आणि तुझ्यानंतर?’

‘माझ्यानंतर काय ते परत हात वर करून ठरवा,’ ती म्हणाली, आणि सूनबाईकडे वळली. ‘तुझं ते पत्र काढ. कधी हजर व्हायचंय?’

सूनबाई तिसऱ्या दिवशी गेली. नवरा तिला सोडायला स्टेशनवर गेला, तेवढं तरी धैर्य त्याने दाखवलं. जाताना ती गाठआत्याच्या गळ्यात पडून इतकी रडली की गाठआत्यालाच तिला दटावावं लागलं, ‘गाडी चुकेल, वेडे.’

पण ते तिसऱ्या दिवशी. त्या पहिल्या दिवशी, माणसं पांगल्यावर, तिने धाकटीला फोन लावला. पहिल्या घंटेलाच धाकटीने उचलला.

‘ताई, डबा बांधून घेतलास ना? गाडीतलं काही खाऊ नकोस. आणि हे बघ, खालच्या मजल्यावरचा मुलगा तुला घ्यायला येणार आहे, मी त्याला तुझा फोटो दाखवलाय.’

‘मी येत नाहीये गं.’

मग तिने सगळं सांगितलं. धाकटीने मध्ये एकदाही तोडलं नाही.

‘म्हणजे तू पाखराची,’ धाकटी म्हणाली. ‘आणि त्या सगळ्यांना आता ते माहीत आहे. मग तुला कोणी धरलंय ताई? सोड ती दोरी खुंटीवर आणि निघ. बांधू देत नाहीतर राहू देत. तुझं काय अडलंय?’

‘मी निघाले की ते त्या पोरीला परत बोलावतील. ती येईल. तशीच आहे ती.’

मग धाकटी म्हणाली, ‘मला जिना उतरता येत नाही गं.’

‘माहीत आहे.’

‘मग आपण आता भेटायचं कसं?’

धाकटीने फोन ठेवला नाही आणि हिनेही ठेवला नाही. दोघी तशाच कानाला लावून बसून राहिल्या, एकमेकींचा श्वास ऐकत. बऱ्याच वेळाने धाकटीच्या फोनची बॅटरी संपली.